हैतीवरील अमेरिकी अंमल (१९१५–३४)

कॅरिबियन समुद्रातील हैती या प्रजासत्ताकावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी २८ जुलै १९१५ ते १५ ऑगस्ट १९३४ या काळात ठेवलेला लष्करी व प्रशासकीय ताबा. या एकोणीस वर्षांत हैतीचे अध्यक्षपद, मंत्रिमंडळ आणि ध्वज नावापुरते कायम होते. तथापि जकात, खजिना, सार्वजनिक बांधकाम, आरोग्य आणि सशस्त्र दल ही महत्त्वाची खाती अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाती होती. बलाढ्य देशाने दुर्बल देशात जाऊन तेथील राज्ययंत्रणा नव्याने उभारावी काय आणि उभारल्यास ती टिकते काय, या प्रश्नाच्या चर्चेत हैतीचे उदाहरण विशेष महत्त्वाचे ठरते. येथील अंमल दीर्घकाळ चालला, त्याला बाहेरच्या कोणत्याही सत्तेने अडथळा केला नाही आणि त्याचे परिणाम पुढील अनेक दशकांच्या इतिहासात स्पष्टपणे पाहता येतात.

पार्श्वभूमी : हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडील सु. एकतृतीयांश भाग हैतीने व्यापला आहे (क्षेत्रफळ सु. २७,७५० चौ. किमी.). सतराव्या शतकाच्या अखेरीपासून हा प्रदेश सँ-दोमँग या नावाने फ्रान्सची वसाहत होता. साखर व कॉफी यांच्या मळ्यांमुळे अठराव्या शतकात ती फ्रान्सची सर्वांत संपन्न वसाहत गणली जाई. ही संपन्नता आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उभी होती. १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला. तूसँ लूव्हेर्त्यूर व त्याच्यानंतर झां-झाक देसालीन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी नेपोलियनने पाठविलेल्या सैन्याचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. गुलामांच्या यशस्वी क्रांतीतून जन्मलेले हे आधुनिक इतिहासातील पहिले प्रजासत्ताक होय. १८०५ च्या संविधानाने गोऱ्या परकीयांस देशात जमीन धारण करण्यास मनाई केली. मळेवाल्यांची सत्ता पुन्हा येऊ नये म्हणून घातलेली ही अट हैतीवासी आपल्या स्वातंत्र्याची हमी मानीत.

नव्या राष्ट्राच्या वाट्याला प्रारंभापासून एकाकीपणा आला. फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून मान्यतेच्या मोबदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. १८३८ मध्ये ही एकूण रक्कम ९ कोटींवर आणण्यात आली. ती फेडण्यासाठी हैतीला फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढावे लागले. संयुक्त संस्थानांत गुलामगिरी चालू असल्याने त्यांनी १८६२ पर्यंत हैतीला मान्यता दिली नाही. कॉफीच्या निर्यातीवरील जकात हे सरकारचे मुख्य उत्पन्न. त्याचा मोठा भाग कर्जफेडीत जाई. शहरांतील फ्रेंचभाषी, बहुशः मिश्रवर्णीय अभिजनवर्ग व्यापार आणि सरकारी नोकऱ्या यांवर जगे, तर क्रिओलभाषी शेतकरी आपल्या लहान जमिनी कसून करांचा भार वाही. उत्तरेकडील डोंगराळ भागातील काको या नावाने ओळखले जाणारे सशस्त्र शेतकरी एखाद्या सेनानीच्या मागे उभे राहून राजधानीवर चाल करीत आणि अध्यक्ष बदलत. १९११ ते १९१५ या काळात एकामागून एक सात अध्यक्ष पदच्युत झाले किंवा मृत्यू पावले. त्यांपैकी सँसिनात्यूस लकाँत हा १९१२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातील स्फोटात ठार झाला.

ताब्याची कारणे : पनामा कालवा ऑगस्ट १९१४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. क्यूबा आणि हैती यांच्यामधील विंडवर्ड सामुद्रधुनी हा कालव्याकडे जाणारा प्रमुख सागरी मार्ग असल्याने त्या टापूत दुसऱ्या सत्तेचा तळ असू नये, असे अमेरिकी नौदलाचे धोरण होते. हैतीतील व्यापारात जर्मन व्यापाऱ्यांचे वजन होते आणि यूरोपात महायुद्ध सुरू झाले होते. मन्रो सिद्धांताला थीओडोर रूझवेल्ट यांनी १९०४ मध्ये जोडलेल्या पुरवणीनुसार कॅरिबियन देशांतील अव्यवस्था दूर करण्याचा अधिकार संयुक्त संस्थाने स्वतःकडे घेत होती. आर्थिक हितसंबंधही याला पूरक होते. हैतीच्या राष्ट्रीय बँकेत १९१० पासून न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेचा भाग होता. १७ डिसेंबर १९१४ रोजी अमेरिकी नौसैनिकांनी पोर्ट-ओ-प्रिन्स येथील बँकेतून पाच लाख डॉलर किंमतीचे सोने दिवसाढवळ्या बंदरावर नेले आणि ते ‘माचायस’ या तोफनौकेतून न्यूयॉर्कला पोहोचविण्यात आले. प्रत्यक्ष ताबा घेण्यास त्यानंतर सात महिन्यांनी निमित्त मिळाले.

२७ जुलै १९१५ रोजी अध्यक्ष व्हिलब्रुन गीयोम साम याच्या राजवटीत राजधानीच्या तुरुंगातील सु. १६७ राजकीय कैद्यांची कत्तल झाली. साम याने फ्रेंच वकिलातीत आश्रय घेतला. परंतु दुसऱ्या दिवशी संतप्त जमावाने त्याला तेथून ओढून काढून ठार केले. त्याच दिवशी सायंकाळी रिअर ॲडमिरल विल्यम केपर्टन याने ‘वॉशिंग्टन’ या युद्धनौकेवरून ३३० नौसैनिक उतरविले. जीवित व मालमत्ता यांचे रक्षण आणि सुव्यवस्थेची पुनःस्थापना हे उद्दिष्ट त्या वेळी घोषित करण्यात आले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या सरकारने मात्र लवकरच कारभार हाती घेण्याचा निर्णय केला.

तह व शासनयंत्रणा : काकोंचा नेता रोझाल्वो बोबो हा अध्यक्षपदाचा प्रबळ उमेदवार होता. तो अमेरिकी नियंत्रणास अनुकूल नसल्याने त्याला दूर ठेवून १२ ऑगस्ट १९१५ रोजी नौसैनिकांच्या पहाऱ्यात राष्ट्रसभेकडून सूद्र दार्तिगनाव्ह याची निवड करण्यात आली. पाठोपाठ प्रमुख बंदरांतील जकातघरे ताब्यात घेण्यात आली आणि सप्टेंबरमध्ये लष्करी कायदा जारी झाला. १६ सप्टेंबर १९१५ रोजी झालेल्या तहाने पुढील व्यवस्था ठरली : जकातीची वसुली अमेरिकी अधिकाऱ्याने करावी, खर्चावर अमेरिकी अर्थसल्लागाराची देखरेख असावी, बांधकाम व आरोग्य ही कामे अमेरिकी तज्ञांकडे द्यावीत, जुने सैन्य मोडून अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाताखाली झाँदार्मरी हे नवे सशस्त्र दल उभारावे. हा करार दहा वर्षांचा होता. १९१७ मध्ये त्याची मुदत १९३६ पर्यंत वाढविण्यात आली.

या व्यवस्थेत उत्तरदायित्वाची साखळी उलटी झाली. हैतीच्या खजिन्यातून वेतन घेणारे वरिष्ठ अधिकारी वॉशिंग्टनला जबाबदार होते आणि देशाचा निर्वाचित अध्यक्ष त्यांच्या संमतीवाचून खर्च करू शकत नव्हता. १९२० मध्ये काही कायद्यांवरून मतभेद होताच अर्थसल्लागाराने अध्यक्ष व राज्य परिषदेचे सदस्य यांचे वेतनच रोखून धरले. अंमलाच्या पूर्वार्धात अधिकाराची वाटणीही निश्चित नव्हती. नौदल, परराष्ट्रखाते आणि तहान्वये नेमलेले सल्लागार आपापल्या वरिष्ठांकडून आज्ञा घेत. ही विस्कळितता दूर करण्यासाठी फेब्रुवारी १९२२ मध्ये जनरल जॉन रसेल यांची उच्चायुक्तपदी नेमणूक झाली. त्याच वर्षी अध्यक्षपदी आलेला लुई बोर्नो याच्याशी त्यांचे सहकार्य इतके घनिष्ठ होते, की त्यांच्या कारभाराचे वर्णन अनेक इतिहासकारांनी संयुक्त हुकूमशाही असे केले आहे.

संविधान व सार्वमत : परकीयांस जमीन धारण करण्याची मनाई हा गुंतवणुकीतील मोठा अडथळा आहे, असे अमेरिकी अधिकाऱ्यांचे मत होते. ती दूर करणारा नवा मसुदा राष्ट्रसभेपुढे ठेवण्यात आला. सभेने तो नाकारून १९१७ मध्ये स्वतःचे संविधान संमत करण्याची तयारी चालविली. तेव्हा झाँदार्मरीचा प्रमुख स्मेडली बटलर याने अध्यक्षांकडून विसर्जनाचा हुकूम मिळविला आणि सशस्त्र शिपायांकरवी सभा बरखास्त केली. १२ जून १९१८ रोजी झाँदार्मरीच्या देखरेखीखाली सार्वमत घेण्यात आले. ९८,२२५ मते अनुकूल व ७६८ प्रतिकूल पडल्याचे जाहीर झाले. मतदान करणारे लोकसंख्येच्या पाच टक्क्यांहून अधिक नव्हते आणि बहुसंख्य शेतकऱ्यांस मसुदा वाचताही येत नव्हता. नौदलखात्याचे तत्कालीन उपमंत्री फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी १९२० च्या निवडणूक प्रचारात हे संविधान आपणच लिहिल्याचे सांगितले. ते विधान अतिशयोक्त होते. परंतु हैतीवासीयांच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला. बरखास्त झालेली राष्ट्रसभा १९३० पर्यंत पुन्हा भरली नाही. दरम्यान अध्यक्षांनी नेमलेली राज्य परिषद कायदे करी आणि तीच अध्यक्षाची निवडही करी. बोर्नो याची निवड १९२२ व १९२६ अशी दोन्ही वेळा याच मार्गाने झाली. लोकशाहीचे शिक्षण देण्याचा हेतू सांगणाऱ्या अंमलात तेरा वर्षे देशाला प्रातिनिधिक विधिमंडळ नव्हते, ही त्यातील मूलभूत विसंगती होय.

वेठबिगार व उठाव : राजधानी आणि उत्तरेकडील काप-हाईसियँ यांस जोडणारा मोटाररस्ता ही अधिकाऱ्यांना तातडीची गरज वाटत होती. त्यासाठी पुरेसा पैसा नसल्याने १८६४ चा एक जुना कायदा १९१६ पासून पुन्हा अंमलात आणला गेला. या कायद्यानुसार शेतकऱ्याने कर द्यावा अथवा त्याऐवजी आपल्या भागातील रस्त्यावर काही दिवस काम करावे. प्रत्यक्षात माणसांना घराबाहेर काढून दोरखंडांनी बांधून नेणे, त्यांच्या गावापासून दूर ठेवणे, मुदत संपल्यावरही न सोडणे आणि पळणाऱ्यांवर गोळ्या झाडणे असे प्रकार घडले. गुलामगिरी मोडून जन्मलेल्या राष्ट्रात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील ही वेठ लोकांना जुन्या मळ्यांची आठवण करून देणारी होती. १९१८ च्या प्रारंभी रस्ता वाहतुकीस खुला झाला. ऑक्टोबर १९१८ मध्ये वेठ अधिकृतपणे बंद करण्यात आली. तरी मध्य व उत्तर भागात ती काही काळ चालूच राहिली.

याच असंतोषातून दुसरा काको उठाव झाला. त्याचा नेता शार्लमान्य पेराल्त हा अँश येथील एका जमीनदार घराण्यातील माजी लष्करी अधिकारी होता. त्याला पाच वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा देऊन काप-हाईसियँ येथे रस्ते झाडण्याच्या कामास लावण्यात आले होते. सप्टेंबर १९१८ मध्ये तो पहाऱ्यातून निसटला आणि डोंगरी भागात त्याने हजारो शेतकरी जमविले. ऑक्टोबर १९१९ मध्ये त्याच्या लोकांनी राजधानीवर हल्ला केला. त्याच महिन्याच्या अखेरीस वेषांतर करून छावणीत शिरलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी फितुरीच्या साहाय्याने त्याला ठार केले. तो मेल्याची लोकांना खात्री पटावी म्हणून त्याचा देह एका दारास बांधून त्याचे छायाचित्र गावोगाव वाटण्यात आले. या छायाचित्रात लोकांना क्रुसावरील ख्रिस्ताचे साम्य दिसले आणि दहशतीसाठी काढलेले चित्र हौतात्म्याचे प्रतीक बनले. पुढे चित्रकार फिलोमे ओबँ याने ते आपल्या चित्राचा विषय केले. पेराल्तचा उत्तराधिकारी बनवा बात्राव्हिल मे १९२० मध्ये मारला गेला आणि उठाव संपला. अमेरिकी नौसैनिक दलाचा प्रमुख जॉर्ज बार्नेट याने १९२० मध्ये दिलेल्या आकड्याप्रमाणे अंमलाच्या पहिल्या पाच वर्षांत ३,२५० हैतीवासी मारले गेले. अमेरिकी बाजूची हानी त्या मानाने अगदी अल्प होती. ही माहिती बाहेर पडल्यावर आणि जेम्स वेल्डन जॉन्सन या कृष्णवर्णीय नेत्याने ‘द नेशन’ या साप्ताहिकात लेखमाला लिहिल्यावर अमेरिकी सीनेटने १९२१–२२ मध्ये चौकशी केली. तिची निष्पत्ती माघारीत न होता अंमलाच्या पुनर्रचनेत झाली.

विधायक कार्य : १९२२ नंतरच्या शांततेच्या काळात झालेले काम नगण्य नव्हते. सु. १,७०० किमी. लांबीचे रस्ते वाहतूकयोग्य झाले आणि १८९ पूल बांधले गेले. बंदरे, दीपगृहे, पाटबंधारे व शहरांचा पाणीपुरवठा यांची दुरुस्ती झाली. रुग्णालये व ग्रामीण दवाखाने निघाले. मलेरिया आणि त्वचेचा यॉज रोग यांविरुद्ध मोहिमा चालल्या. राजधानीत स्वयंचलित दूरध्वनी आला. हिशेबाची पद्धत सुधारली व जकातीतील गळती थांबली. चलन स्थिर राहिले.

या कार्याच्या मर्यादाही होत्या. १९२२ मध्ये न्यूयॉर्कमधून १ कोटी ६० लक्ष डॉलरचे कर्ज उभारून जुनी फ्रेंच कर्जे फेडण्यात आली, म्हणजेच सावकार बदलला. नव्या कर्जाची फेड हा खर्चातील पहिला अग्रक्रम ठरला. सुगीच्या वर्षांत ती मुदतीपूर्वीही करण्यात आली. शिक्षणावरील खर्च मात्र तोकडा राहिला. जुन्या फ्रेंच वळणाच्या शाळांविषयी अमेरिकी अधिकाऱ्यांस आस्था नव्हती. त्यांनी कृषी व औद्योगिक शिक्षणासाठी १९२३ मध्ये एक स्वतंत्र तांत्रिक सेवा काढली. तिचे अमेरिकी तज्ञ मोठी वेतने घेत आणि त्यांपैकी बहुतेकांस फ्रेंच किंवा क्रिओल येत नसे. परकीयांस जमीन मिळाल्यावर उसाच्या व घायपाताच्या काही मोठ्या लागवडी निघाल्या. अपेक्षित गुंतवणूक मात्र आली नाही. याच काळात हजारो शेतकरी मजुरीसाठी क्यूबा व डोमिनिकन प्रजासत्ताक येथील उसाच्या मळ्यांकडे गेले. याशिवाय अधिकाऱ्यांनी आपल्या देशातील वर्णभेद बरोबर आणला. हैतीच्या अध्यक्षासही प्रवेश नसलेला अमेरिकी क्लब राजधानीत होता. सुशिक्षित अभिजन प्रथम अंमलास अनुकूल होते. या अपमानाने तेही दुरावले.

प्रतिक्रिया : परकीय अंमलाने हैतीतील बुद्धिजीवींस स्वतःच्या समाजाकडे पाहावयास लावले. मानवशास्त्रज्ञ झां प्रीस-मार्स यांनी १९२८ मध्ये ‘अँसी पार्ला लाँक्ल’ (असे बोलला मामा) हा ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रेंच संस्कृतीचे अनुकरण करणाऱ्या वर्गाला त्यांनी शेतकऱ्यांची क्रिओल भाषा, लोककथा आणि व्होडू धर्म यांचे मोल पटवून दिले. देशी साहित्याची चळवळ यातून वाढली. परकीय सत्तेने राष्ट्र घडविले नाही. तिच्या विरोधातून मात्र राष्ट्रभावनेला नवा आशय मिळाला. याच प्रवाहाच्या एका शाखेने वर्णाभिमानास राजकीय सिद्धांताचे रूप दिले. तिच्या प्रवर्तकांत फ्रांस्वा द्यूव्हाल्ये हा तरुण डॉक्टर होता.

अंमलाची समाप्ती : ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी दामियँ येथील कृषिविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीतील कपातीविरुद्ध संप पुकारला. तो लवकरच इतर शाळा व सरकारी कचेऱ्यांत पसरला. कॉफीचे भाव पडल्याने आणि नव्या करांमुळे शेतकरीही त्रस्त होते. ६ डिसेंबर १९२९ रोजी ले काय शहराजवळ मार्शातेर येथे निदर्शक शेतकऱ्यांवर नौसैनिकांनी गोळीबार केला. प्रथम दिलेल्या अधिकृत माहितीनुसार त्यात १२ जण ठार व २३ जखमी झाले. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी फिलिपीन्सचे माजी गव्हर्नर-जनरल कॅमरन फोर्ब्झ यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग पाठविला आणि शिक्षणाच्या पाहणीसाठी रॉबर्ट मोटन या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ञाचा दुसरा आयोग नेमला. फोर्ब्झ आयोगाने भौतिक प्रगतीची प्रशंसा केली. पण हैतीच्या सामाजिक प्रश्नांचे आकलन न झाल्याने आणि लोकशाही घाईने रुजवू पाहिल्याने अपेक्षा सफल झाल्या नाहीत, असे त्याने नमूद केले. हैतीवासीयांस अधिकारपदांसाठी पुरेसे तयार केले नसल्याचेही आयोगाला आढळले.

आयोगाच्या शिफारशीनुसार १९३० मध्ये निवडणुका होऊन विधिमंडळ पुन्हा अस्तित्वात आले आणि नोव्हेंबरमध्ये अंमलाचा विरोधक स्तेनियो व्हँसाँ अध्यक्ष झाला. खाती क्रमाने हैतीवासीयांकडे सोपविण्यात आली. जुलै १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी काप-हाईसियँला भेट दिली आणि १५ ऑगस्ट १९३४ रोजी शेवटची तुकडी परतली. आर्थिक देखरेख मात्र कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे १९४७ पर्यंत, कोणत्या ना कोणत्या रूपाने चालू राहिली.

परिणाम : अंमलाने उभारलेल्या संस्थांपैकी तांत्रिक सेवा लवकरच क्षीण झाली. निधी व देखभाल यांअभावी अनेक रस्त्यांची दुर्दशा झाली. टिकून राहिली ती सशस्त्र दलाची संस्था. १९२८ पासून ‘गार्द दायती’ या नावाने ओळखले जाणारे हे दल एकसंध, शिस्तबद्ध आणि दूरध्वनी व रस्ते यांमुळे राजधानीशी घट्ट जोडलेले होते. पूर्वी प्रांतोप्रांतीचे सेनानी, बंदरांचे व्यापारी आणि काको यांच्यात विखुरलेले बळ केंद्रसत्तेस आवर घाली. हा आवर हिंसक व खर्चिक होता, पण तो होता. अंमलाने शेतकऱ्यांस निःशस्त्र केले, प्रांतांची बंदरे दुय्यम केली, ग्रामीण विभागप्रमुखांस सशस्त्र दलाच्या साखळीत आणले आणि महसूल राजधानीत एकवटला. मात्र या एकवटलेल्या सत्तेवर अंकुश ठेवतील अशी विधिमंडळ, न्यायसंस्था किंवा स्थानिक स्वराज्याची केंद्रे त्याने वाढविली नाहीत.

परिणामी अध्यक्ष घडविण्याची व मोडण्याची शक्ती या दलाकडे आली. जानेवारी १९४६ मध्ये एली लेस्को यास आणि १९५० मध्ये द्यूमार्से एस्तिमे यास सैन्याने पदच्युत केले; त्यानंतर पॉल माग्ल्वार हा सेनाधिकारीच अध्यक्ष झाला. सप्टेंबर १९५७ मध्ये सैन्याच्या पाठिंब्याने द्यूव्हाल्ये निवडून आला. त्याने पुढे सैन्याचेच पंख कापले आणि ‘तोंतों माकूत’ या नावाने कुप्रसिद्ध असलेले स्वतःचे दल उभारले. १९६४ मध्ये तो तहहयात अध्यक्ष बनला. त्याची व त्याच्या पुत्राची राजवट फेब्रुवारी १९८६ पर्यंत टिकली. इतक्या दीर्घ व सर्वंकष जुलमास लागणारे केंद्रीकरण अंमलाच्या काळात सिद्ध झाले होते, असे मिशेल-रोल्फ त्रूयो यांच्यासारखे हैतियन अभ्यासक मानतात. द्यूव्हाल्येशाहीस मात्र देशातील वर्ण व वर्गभेद, शीतयुद्धातील राजकारण आणि स्थानिक अभिजनांची स्वार्थपरता ही कारणेही तितकीच जबाबदार होती.

शेजारच्या देशांतही हाच क्रम दिसतो. डोमिनिकन प्रजासत्ताकातील अमेरिकी अंमलात (१९१६–२४) घडलेल्या दलातून राफाएल त्रूहीयो १९३० मध्ये सत्तेवर आला; १९३७ मध्ये त्याच्या आज्ञेने सीमाभागात हजारो हैतियन मजुरांची हत्या झाली. निकाराग्वात अमेरिकी नौसैनिकांनी उभारलेल्या राष्ट्रीय रक्षकदलाच्या बळावर आनास्तास्यो सोमोसा याने १९३६ मध्ये सत्ता बळकावली. राजकारणापासून अलिप्त असे सैन्य उभारणे हा तिन्ही ठिकाणी घोषित हेतू होता.

१९९१ मध्ये हैतीच्या सैन्याने निर्वाचित अध्यक्ष झां-बेर्त्रां आरिस्तीद यांस हुसकले. सप्टेंबर १९९४ मध्ये अमेरिकी फौजा पुन्हा उतरल्या आणि त्यांनी आरिस्तीद यांस पदावर बसविले. १९९५ मध्ये त्यांनी सैन्य विसर्जित केले. २००४ ते २०१७ पर्यंत संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तेथे होती. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर त्याच वर्षी या सेनेच्या एका तळामधून कॉलऱ्याची साथ पसरली आणि सु. दहा हजार लोक मृत्यू पावले. जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष झोव्हनेल मोईझ यांची हत्या झाली आणि राजधानीचा मोठा भाग सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला. २०२४ मध्ये केन्याच्या नेतृत्वाखाली आणखी एक परदेशी पोलीस दल पाठवावे लागले.

तुलना व मूल्यमापन : परकीय राष्ट्रउभारणीचे समर्थक जपानमधील ताब्याचा (१९४५–५२) दाखला देतात. तेथेही संविधानाचा मसुदा परकीयांनी केला होता (अंमल ३ मे १९४७). परंतु जपानमध्ये साक्षर समाज, जुनी व सक्षम नोकरशाही आणि पूर्वी कार्य केलेले विधिमंडळ होते. ताबा घेणाऱ्यांनी कारभार याच यंत्रणेमार्फत चालविला. संविधान जपानी विधिमंडळाने चर्चा करून संमत केले आणि जमीनसुधारणेने कुळांस जमीन मिळवून दिली. हैतीत विधिमंडळ बरखास्त झाले आणि शेतकऱ्याच्या वाट्यास वेठ आली. अफगाणिस्तानात २००१ नंतर वीस वर्षे मोठा खर्च करून उभारलेले सैन्य व शासन ऑगस्ट २०२१ मध्ये परकीय फौजा निघत असतानाच कोसळले. हैतीतील दल टिकले, अफगाणिस्तानातील टिकले नाही; परंतु दोन्ही ठिकाणी यंत्रणेचा पैसा आणि आदेश बाहेरून येत असल्याने तिची निष्ठा आपल्या नागरिकांशी जडली नाही, हे साम्य आहे.

हस्तक्षेपाच्या बाजूनेही मुद्दे आहेत. जुलै १९१५ मधील अराजक खरे होते आणि तुरुंगातील कत्तलही. अशा वेळी शेजाऱ्याने स्वस्थ बसावे, असे म्हणणे सोपे नाही. शिवाय रस्ते, दवाखाने व चोख हिशेब यांचा लाभ अनेकांना झाला. तथापि अल्पकालीन शांततारक्षण आणि दुसऱ्याचे राज्य हाती घेऊन ते घडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची मुदत आणि मर्यादा ठरविता येतात. दुसरीत घडविणारी सत्ता जे तिच्या नियंत्रणात राहील तेच बळकट करते आणि जे तिला विरोध करू शकेल ते दुबळे ठेवते. हैतीत महसूल, रस्ते व सशस्त्र दल ही पहिल्या वर्गात मोडत होती. विधिमंडळ, वृत्तपत्रे आणि प्रांतांची स्वायत्तता दुसऱ्या वर्गात. हा दोष एखाद्या अधिकाऱ्याच्या दुष्टाव्यातून आला नव्हता, कारण त्यांतील काही कर्तव्यनिष्ठ व प्रामाणिक होते. जबाबदारी एका जनतेशी आणि सत्ता दुसऱ्या जनतेवर, या रचनेतूनच तो उद्भवला.

१९१५ मध्ये हैतीजवळ कार्यक्षम राज्ययंत्रणा नव्हती; राष्ट्र मात्र १८०४ पासून होते आणि ते त्याने स्वबळावर मिळविले होते. अमेरिकी अंमलाने राज्ययंत्रणेस बळ दिले, पण त्या बळाचा हिशेब मागण्याचा अधिकार ज्या जनतेचा होता, तिला कारभारातून वगळले. बलाढ्य देशांनी परदेशात राष्ट्रउभारणी करावी काय, या प्रश्नाचा विचार करताना किती रस्ते बांधले यापेक्षा, अंमल संपल्यावर राज्यकर्त्यांस जाब कोण विचारू शकत होते, ही कसोटी अधिक योग्य ठरते. या कसोटीस हैतीवरील अमेरिकी अंमल उतरला नाही.